लाल दिवा लागल्यावर: मुंबईतल्या छोट्या इंटरनेट सेवेत बिघाड शोधण्याची रीत

तक्रार आली की पहिली ओढ असते गाडी काढायची. ती आवरा. संध्याकाळी कुर्ल्याहून घाटकोपरला जायचं म्हटलं तरी बराच वेळ रस्त्यात मोडतो, आणि बिघाड भलतीकडेच निघाला तर तेवढाच वेळ परत येण्यात जातो. ओएलटीच्या, म्हणजे आपल्याकडून घराघरांत फायबरवर प्रकाश पाठवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोर पाच मिनिटं शांत बसलं तर बऱ्याच फेऱ्या वाचतात.

छोट्या कंपनीत नव्याने कामाला लागलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. तिथे हजार-दोन हजार जोडण्यांमागे चार-पाच माणसं असतात. फोन घेणारा, गच्चीवर चढणारा, जॉइंट मारणारा आणि राउटरचं कॉन्फिगरेशन बघणारा बहुतेक वेळा एकच. मोठ्या कंपनीत ही कामं चार खात्यांत वाटलेली असतात. इथे सगळं अंगावर येतं, पण त्याचमुळे गिऱ्हाइकाच्या घरातल्या डब्यापासून डेटा सेंटरमधल्या पोर्टपर्यंतचा सगळा रस्ता एका माणसाच्या डोक्यात असू शकतो. हे आपलं बळ आहे आणि ते जपायला हवं.

आधी पडदा

किती ओएनयू (गिऱ्हाइकाच्या घरातले फायबरचे डबे) पडले, म्हणजे बंद झाले, आणि ते कोणाच्या वाटेवरचे आहेत, हे पहिलं बघा. एकच पडला असेल तर ड्रॉप वायर (इमारतीच्या डब्यातून घरात येणारी), पॅच कॉर्ड (डब्याला लावायची छोटी तयार वायर) किंवा घरातला डबा. एका स्प्लिटरवरचे (तो एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटतो) सगळे पडले असतील तर त्या स्प्लिटरला येणारी कोर, म्हणजे केबलमधला काचेचा तंतू. संपूर्ण पॉन पोर्ट (ओएलटीचं एक तोंड, ज्यावर बरीच घरं असतात) गेला असेल तर मुख्य केबल किंवा ओएलटीतलं एसएफपी (त्या तोंडात बसणारा, प्रकाश पाठवणारा भाग). कोणीच पडलेला नाही, पण सगळेच ओरडतायत, तर अपलिंक, म्हणजे आपल्याला बाहेरचं इंटरनेट देणारी लाइन.

मग पडण्याचं कारण वाचा. बऱ्याच ओएनयूंना वीज जाताना कपॅसिटरमधल्या उरलेल्या चार्जवर एक शेवटचा निरोप पाठवता येतो, त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. ओएलटीवर तो दिसला तर फायबर शाबूत आहे, घरातली लाइट गेली आहे. नुसतं एलओएस (लॉस ऑफ सिग्नल) दिसलं तर प्रकाशच पोचत नाही. स्वस्त डब्यांमध्ये ही सोय नसते, म्हणून एकाच इमारतीतले दहा ओएनयू एका सेकंदात पडले तर आधी वॉचमनला फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारा. कुठल्या इमारतीला वीज कोणाची आहे, हेही लिहून ठेवा. शहर भागात बेस्ट आणि टाटा, उपनगरांत बहुतांशी अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. एकाच गल्लीत एक इमारत अंधारात आणि शेजारची उजेडात असू शकते.

फोनवर गिऱ्हाइकाला तांत्रिक शब्द सांगून उपयोग नाही. "काकू, भिंतीवरच्या छोट्या डब्यावर लाल दिवा दिसतोय का? बरं, त्याच्या मागची हिरव्या टोकाची पातळ वायर वाकलीय का बघता? ओढू नका हं, फक्त बघा." एवढं विचारलं की अनेकदा कळतं की सकाळी कपाट सरकवलं होतं.

प्रकाशाचा हिशेब

जीपॉनमध्ये (एका फायबरवरून अनेक घरं जोडायची पद्धत) ओएलटीकडून प्रकाश १४९० नॅनोमीटरवर येतो आणि घरातून १३१० वर परत जातो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून कोरचं टोक डोळ्यासमोर धरून बघायचं नाही, कधीच नाही.

हिशेब सोपा आहे, पण तो कागदावर करायला हवा. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये आणि वाटेतली गळती डीबीमध्ये मोजतात. समजा ओएलटीतून +४ डीबीएम निघतात. २ किलोमीटर केबलचे साधारण ०.६ डीबी जातात. १:८ स्प्लिटरचे १०.५, पुढच्या १:४ चे ७.२. सहा जॉइंट प्रत्येकी ०.१ धरून ०.६. चार कनेक्टर प्रत्येकी ०.४ धरून १.६. बेरीज २०.५. म्हणजे घरात −१६.५ च्या आसपास दिसायला हवं. प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरवर −२३ दिसत असेल तर साडेसहा डीबी वाटेत कुठेतरी गळतायत, भले इंटरनेट चालू असो. तीन डीबी गेले की प्रकाश अर्धा होतो आणि दहा गेले की दहावा हिस्सा उरतो, एवढं तोंडपाठ असू द्या.

बी-प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये ओएनयूची मर्यादा −२७ असते. −२६ वर घर चालू करून देणं म्हणजे पहिल्या पावसात परत जाण्याची तजवीज. आमच्या मते −२४ च्या खाली जोडणी सोपवू नये, कारण शोधून काढावं. दुसरं टोकही लक्षात असू द्या: −८ पेक्षा जास्त प्रकाश ओएनयूला झेपत नाही, म्हणून टेबलावर थेट पॅच कॉर्डने तपासताना मध्ये ॲटेन्यूएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) किंवा जुना स्प्लिटर लावा. आणि मीटर १४९० वर आहे ना, हे मोजण्यापूर्वी बघा.

केबलवाल्यांच्या जुन्या नेटवर्कमध्ये १०-९०, २०-८० टक्के असा प्रकाश दोन पायांत वाटणारे असमान कपलर माळेसारखे लावलेले असतात. त्यात पहिल्या इमारतीला भरपूर आणि शेवटच्या इमारतीला जेमतेम प्रकाश मिळतो. मधल्या कोणी टक्केवारी न बघता हाताला लागला तो कपलर बदलला की शेवटची इमारत मरते, आणि बदलणाऱ्याला ते कळतही नाही. प्रत्येक कपलरच्या टक्केवारीचं आणि दोन्ही पायांवरच्या रीडिंगचं लेबल डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवा.

वही

बिघाड लवकर सापडतो तो अंगातल्या हुशारीने कमी आणि वहीने जास्त. एक्सेल शीट असो की दोनशे पानी वही, तिच्यात हे हवंच: इमारत आणि विंग, स्प्लिटरचा डबा नेमका कुठे आहे, स्प्लिटरचा कितवा पाय, कोरचा रंग, डब्यातलं रीडिंग, घरातलं रीडिंग, तारीख, गच्चीची किल्ली कोणाकडे. आणि केबलच्या आवरणावर छापलेला मीटरचा आकडा. हा शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात. ओटीडीआरने, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश मारून बिघाडाचं अंतर सांगणाऱ्या यंत्राने, ६१२ मीटरवर तुटलंय सांगितलं तर ते अंतर काचेचं असतं, रस्त्याचं नव्हे. गच्चीगच्चीवर १०-१५ मीटरचे लूप गुंडाळलेले असतात. डब्यापाशी आवरणावर १४४० छापलंय हे माहीत असेल, तर त्यापुढे ६१२ म्हणजे २०५२ च्या आसपासची खूण शोधायची, किंवा आकडे उलटे पळत असतील तर ८२८ च्या. लूप कुठे किती, याची चिंताच उरत नाही.

ओटीडीआर वापरताना दोन गोष्टी. चालू पॉनवर १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश मारू नका, आधी ती कोर ओएलटीकडून सोडवा. चालू लाइनसाठी १६२५ किंवा १६५० चं फिल्टरवालं यंत्र लागतं. आणि ओएलटीकडून स्प्लिटरपलीकडे बघायचा प्रयत्न सोडा, सगळ्या पायांचे परतलेले प्रकाश एकमेकांत मिसळून चित्र गढूळ होतं. घराच्या बाजूने वर मारा. दोन किलोमीटरच्या आत पल्स (प्रकाशाचा एक झोत) १० ते ३० नॅनोसेकंद पुरे. १३१० वर ठीक आणि १५५० वर जास्त गळती दिसली तर कुठेतरी केबल मुडपली आहे. दोन्हीकडे सारखीच गळती असेल तर कनेक्टर मळलाय किंवा जॉइंट वाईट आहे.

जॉइंट

दोन कोरांची टोकं वितळवून जोडणारं मशीन कितीही महाग असो, जॉइंट हाताच्या स्वच्छतेवर ठरतो. क्रम असा: आधी स्लीव्ह (जॉइंट झाकणारी नळी) एका कोरवर ओवा. हे विसरलं की सुंदर जॉइंट मारून तो पुन्हा तोडावा लागतो. मग तीनेक सेंटिमीटर आवरण काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुसताना काचेचा बारीक चीं असा आवाज यायला हवा. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पुसल्यावर टोकाला बोट लावायचं नाही. क्लीव्हरने, म्हणजे काच सरळ कापणाऱ्या हत्याराने, कापा. मशीनच्या पडद्यावर कोन १ अंशाच्या वर दिसला तर पुन्हा कापा, "चालेल" म्हणू नका. मशीन दाखवतं तो ०.०२ डीबी हा अंदाज असतो, खरा आकडा मीटरवर कळतो.

कोरची काच १२५ मायक्रॉनची, म्हणजे केसाएवढी. तुटलेले तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका. चाळीच्या गॅलरीत मुलं अनवाणी खेळतात आणि तो तुकडा तळपायात रुतला तर दिसत नाही, दुखत राहतो.

एसीतून बाहेर काढून थेट भर उन्हाच्या गच्चीवर मशीन लावलं की आर्क (काच वितळवणारी ठिणगी) बिघडतो. दहा मिनिटं थांबा, आर्क कॅलिब्रेशन करा. पावसात छत्री धरून जॉइंट मारायची वेळ येतेच. तेव्हा एकाने फक्त छत्री आणि उजेड धरायचा, बाकी काही करायचं नाही. मोबाइलच्या पिवळसर उजेडात नारिंगी आणि लाल, निळा आणि आकाशी हे रंग हमखास चुकतात. १२ कोरचा क्रम पाठ करा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. पांढऱ्या उजेडाचा हेडलॅम्प ही चैन नाही.

हिरवं टोक हिरव्यालाच जोडा. हिरवं म्हणजे एपीसी, त्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळ्याला, म्हणजे यूपीसीला, ते दाबून बसवलं तर मध्ये फट राहते, काही डीबी जातात आणि दोन्ही तोंडांवर ओरखडे उठतात. फास्ट कनेक्टर (जॉइंट न मारता हातानेच बसवायचा) लावून पटकन निघता येतं खरं, पण आतलं जेल सुकतं, पकड सैल होते आणि वर्षभरात तेच घर पुन्हा फोन करतं. वेळ असेल तर पिगटेल (एका टोकाला तयार कनेक्टर असलेली कोर) जॉइंट मारून जोडा.

पावसाआधी

मे महिना डब्यांचा. कठड्यावरच्या प्रत्येक डब्यात केबल खालून शिरते आहे का बघा. वरून शिरत असेल तर पाणी केबलला धरून थेट ट्रेमध्ये जातं. शिरण्याआधी केबलला डब्याच्या खाली वीतभर झोळ द्या, थेंब झोळाच्या तळाशी जमतो आणि तिथूनच टपकतो. जॉइंट क्लोजरचं (जॉइंट ठेवायच्या बंद डब्याचं) रबर दाबून बघा, कडक झालं असेल तर बदला. एम-सील थापून भागवलेलं क्लोजर पुढच्या वेळी फोडावं लागतं आणि फोडताना आतली चांगली कोरही जाते.

इमारतीपासून इमारतीपर्यंत तांब्याची लॅन केबल अजून कुठे टांगलेली असेल तर ती आधी काढा. विजा चमकल्या की दोन्ही टोकांचे स्विच जातात. ड्रॉप वायरमधली स्टीलची तार घराच्या आत नेऊ नका, बाहेरच्या हुकालाच संपवा, आणि विजेच्या वायरींपासून लांब ठेवा.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही, कोरड्या दिवशीसुद्धा. तो वरून घट्ट दिसतो आणि एकदम फुटतो. कठड्यावर वाकायचं तर हार्नेस. कोणाचंही इंटरनेट याहून महत्त्वाचं नाही, आणि मालकाने घाई केली तरी हे तोंडावर सांगायला शिका.

ओएलटीच्या बॅटरीचा हिशेब: ओएलटी, स्विच आणि राउटर मिळून १०० वॉट धरा. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरा, इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के गेले, उरले साडेसात तास. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबई अंधारात गेली तेव्हा काही भागांत वीज यायला बरेच तास लागले होते. वर्षातून दोनदा मेन स्विच खरंच बंद करून घड्याळ लावा.

आगमन, खोदकाम

गणपतीच्या कित्येक आठवडे आधीपासून, बहुतेक शनिवार-रविवारी, उंच मूर्तींची आगमनं सुरू होतात. परळ, लालबाग, गिरगाव, खेतवाडी या पट्ट्यात रस्ता ओलांडणारी प्रत्येक केबल त्या दिवसांत धोक्यात असते. मंडळाच्या कार्यकर्त्यांना शत्रू समजू नका. जुलैतच भेटा, ट्रॉलीसकट उंची आणि मार्ग विचारा, आपला नंबर द्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ५-६ मीटरचा मोकळा लूप ठेवला तर केबल बांबूने उचलता येते. लूप नसेल तर कार्यकर्ता कात्री चालवणारच, त्याच्यापुढे हजारोंची गर्दी उभी असते. मिरवणूक जाईपर्यंत आपला एक माणूस तिथे बांबू धरून उभा असावा. हे काम कोणाला दिसत नाही. पण त्या रात्री दोनशे घरांचा फोन न येणं हे त्याच माणसाचं काम असतं, आणि ते त्याला ऐकवायला हवं.

जमिनीखालून केबल असेल तर ती 'कॉल बिफोर यू डिग' या ॲपवर नोंदवता येते. केंद्र सरकारने ते मार्च २०२३ मध्ये आणलं. त्याच्या भरवशावर राहू नका. रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू असलेल्या गल्लीत रोज एक चक्कर मारा, जेसीबीच्या ऑपरेटरला केबल कुठून जाते ते खडूने दाखवा.

सगळा पोर्ट वेडावतो तेव्हा

एका पॉनवरचे ओएनयू आळीपाळीने पडतायत, परत येतायत, रीडिंग मात्र छान, असं दिसलं तर बहुधा एखादा डबा बिघडून सतत प्रकाश फेकतोय. एरवी प्रत्येक ओएनयू ठरलेल्या क्षणीच बोलतो; हा सगळ्यांच्या बोलण्यात बोलतो. घरोघर फिरू नका. मुख्य स्प्लिटरचे निम्मे पाय सोडवा. उरलेले स्थिर झाले तर दोषी सोडवलेल्यांत आहे. पुन्हा निम्मे. ३२ घरांत पाच वेळा अर्धं केलं की एक घर उरतं. तो डबा बदलून आणा आणि त्यावर मार्करने "खराब" लिहा, नाहीतर तो महिन्याभराने दुसऱ्या घरी लागतो.

"स्पीड येत नाही"

सगळ्यात जास्त मनस्ताप याच तक्रारीचा, कारण बहुतेक वेळा आपलं फायबर ठीक असतं आणि तरी दोष आपल्यालाच लागतो. वाद घालू नका, दाखवा. लॅपटॉप केबलने राउटरला लावून टेस्ट करा. ९४ च्या आसपास अडकला तर पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे किंवा लॅन केबलमधली एक जोडी तुटली आहे, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. केबलवर पूर्ण आणि वायफायवर कमी, तर राउटर कुठे ठेवलाय बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, देव्हाऱ्याच्या कोनाड्यात सापडतो. दाट इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६, ११ यांपैकी सगळ्यात मोकळा घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. आतल्या खोलीत वायफायचा सिग्नल −७० डीबीएमच्या खाली असेल तर दुसरा ॲक्सेस पॉइंट केबलनेच लावावा लागेल, हे स्पष्ट सांगा. गिऱ्हाइकाच्या हातात दोन्ही टेस्टचे आकडे दिले की बहुतेक जण समजून घेतात.

काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, अशी तक्रार असेल तर एमटीयू (एका डेटा पॅकेटचा कमाल आकार) बघा. नेहमीच्या १५०० बाइटांतले ८ पीपीपीओई (गिऱ्हाइकाच्या लॉगिनची पद्धत) खातं, म्हणून १४९२. एमएसएस (पॅकेटमधल्या खऱ्या डेटाचा कमाल आकार) १४५२ वर क्लॅम्प करा, म्हणजे त्याहून मोठा होऊ देऊ नका.

सीजीनॅटमध्ये (अनेक घरांनी एक पब्लिक आयपी पत्ता वाटून वापरायची सोय) एका पब्लिक आयपीमागे किती घरं बसवायची, हा मोह आवरायचा विषय आहे. आयपीला ६५,५३५ पोर्ट, आणि प्रत्येक चालू जोडणी एक पोर्ट धरते. पहिले १०२४ सोडून घरटी १००० दिले तर ६४ घरं. त्याहून कोंबली की रात्री ॲप अडखळतात, कॅप्चा येतात आणि दोष पुन्हा "नेट"ला. घरटी पोर्टचे गठ्ठे ठरवून दिले तर लॉगही आटोपशीर राहतात, आणि लायसन्सच्या अटींप्रमाणे ते सांभाळावेच लागतात. आयपीव्ही६ (नवी पत्ता-पद्धत, तिच्यात पत्ते वाटून घ्यावे लागत नाहीत) चालू करा. बरीचशी व्हिडिओ वाहतूक नॅटला न शिवता निघून जाते.

अपलिंकचा ग्राफ रात्री दहाला वरून सपाट दिसला, जणू इस्त्री फिरवलीय, तर लाइन भरली आहे. पाच मिनिटांची सरासरी ७०-८० टक्क्यांवर पोचली की नवी मागायची वेळ झाली. मुंबईत असण्याचा एक मोठा फायदा इथे घ्या: निक्सी, डीई-सीआयएक्स, एक्स्ट्रीम आयएक्स ही एक्स्चेंज, म्हणजे इंटरनेट कंपन्या एकमेकांना जोडून घेतात त्या जागा, याच शहरात आहेत. तिथे थेट पीअरिंग (मधला कोणी न घेता एकमेकांशी जोडणी) घेतलं की मोठ्या कंटेंटवाल्यांची वाहतूक गावातल्या गावात राहते, आणि एमटीआरमध्ये (वाटेतला वेळ मोजणारं साधन) काही मिलिसेकंदांत उत्तर येताना दिसतं. छोट्या कंपनीचं गिऱ्हाईकही मोठ्याच्या तोडीचं इंटरनेट वापरू शकतं ते यामुळे. दोन अपलिंक घेताना मात्र दोघांचे मार्गनकाशे मागा. वेगळ्या कंपन्यांच्या केबल एकाच डक्टमधून येत असतील तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो.

निघण्याआधी

जॉइंट झाला, डबा बंद केला, पडद्यावर ओएनयू एकेक करून हिरवे होत गेले. तो क्षण बघा, घाईत सोडू नका. अकरा वाजता गच्चीवर भिजत उभं राहिल्याचं मोल तिथे दिसतं. मग मशीन आवरण्याआधी नवं रीडिंग वहीत लिहा, कारण खाली उतरल्यावर ते राहून जातं. गच्चीला कुलूप लावून किल्ली वॉचमनकाकांच्या हातात द्या. आणि ज्या घरातून पहिला फोन आला होता, त्या घरी आपणहून फोन करा: "ताई, झालंय. एकदा बघून घेता का?"